फ्रेम रेटचा हिशेब: टू-डी इकोच्या खोलीत नव्याने आलेल्यांसाठी

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या मशीनच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक आकडा असतो. कधी ४२, कधी ६७, कधी १२०. काही मशीनवर त्याच्यापुढे ‘एफपीएस’ लिहिलेलं असतं, काहींवर ‘हर्ट्झ’. सेकंदाला किती चित्रं घेतली जातायत, एवढंच तो सांगतो. नवीन आलेली मुलं गेन (चित्राचा उजळपणा) शिकतात, व्ह्यू (हृदय बघायच्या जागा आणि कोन) शिकतात, मोजमापं शिकतात. या आकड्याकडे मात्र कोणी बघत नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे. कार्डिॲक टेक्नॉलॉजीची इंटर्नशिप करणारे आणि कार्डिऑलॉजीला नुकतेच लागलेले रेसिडेंट डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॉन्फरन्सला गेलात की ‘अल्ट्राफास्ट’, ‘हाय फ्रेम रेट’ हे शब्द कानावर पडतील आणि वाटेल की हे सगळं महागड्या मशीनचं काम. तसं नाही. परळसारख्या भागात, जिथे केईएम, वाडिया आणि टाटा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि पालघरपासून कोकणापर्यंतचे पेशंट सकाळच्या गाडीने येऊन रांगेत बसतात, तिथे बहुतेक पेशंटचा फायदा साध्या मशीनवर ४० चे ८० फ्रेम करण्यातच आहे. हजार फ्रेमची गोष्ट पुढे सांगतोच, पण आधी हातातलं मशीन.

आधी हिशेब

शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. हा वेग कंपनीला वाढवता येत नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणजे १ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. १६ सेंटिमीटर डेप्थ (किती खोलपर्यंत बघायचं ते) लावली की जाऊन-येऊन २०८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८०० वेळा आवाज सोडता येतो. एक चित्र १२० रेघांचं असेल तर ४८०० भागिले १२०, बरोबर ४० फ्रेम. संपलं. आजची मशीन एकदा आवाज सोडून शेजारशेजारच्या दोन-चार रेघा एकदम ऐकतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा यापेक्षा बराच वर दिसतो. तरी खर्चाची बाजू तीच राहते: खोली, रुंदी आणि रेघांची दाटी.

आता हेच बाळाला लावून बघा. नवजात बाळाचं हृदय ६ सेंटिमीटर डेप्थमध्ये मावतं. जाऊन-येऊन ७८ मायक्रोसेकंद, सेकंदाला १२,८०० वेळा, त्याच १२० रेघांना १०६ फ्रेम. बाळाचे ठोके १५० च्या घरात, म्हणजे एक ठोका ४०० मिलिसेकंदांत उरकतो. मोठ्या माणसाचे ७० ठोके धरले तर एका ठोक्याला साडेआठशे मिलिसेकंद मिळतात. ठोके दुपटीने, पण छाती त्याहून उथळ, त्यामुळे बाळाचा हिशेब खरं तर आपल्या बाजूने आहे. तो बिघडतो तो आपल्यामुळे: आधीचे आजोबा १६ सेंटिमीटरवर तपासले आणि पुढचं बाळ त्याच सेटिंगवर. स्क्रीनचा खालचा अर्धा भाग नुसता काळा, फ्रेम रेट ४०, आणि ४०० मिलिसेकंदांच्या ठोक्याला १६ चित्रं.

पहिली पायरी: प्रीसेट आणि प्रोब

पेशंटचं नाव टाकल्यावर पहिलं काम प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग, बदलायचं. बाळासाठी लहान मुलांचा प्रीसेट, आणि प्रोब (छातीवर टेकवायचा, आवाज सोडणारा-ऐकणारा भाग) मोठ्यांचा ३ मेगाहर्ट्झचा नव्हे तर ८ ते १२ च्या आसपासचा. हाय फ्रिक्वेन्सी खोल जात नाही, पण बाळाला खोल जायचंच नसतं. शाळकरी मुलांना मधला प्रोब. बारीक चणीच्या चौदा वर्षांच्या मुलीला कधी लहान मुलांचाच प्रोब छान बसतो. वय बघून ठरवू नका, छाती बघून ठरवा.

दुसरी पायरी: हृदयापुरतीच खिडकी

डेप्थ इतकीच ठेवा की तुम्हाला हवा तो भाग स्क्रीनच्या तळाशी संपेल. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये (छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूने घेतलेला हृदयाचा लांबट छेद) डाव्या वेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) मागे थोडी जागा सोडा, कारण पेरिकार्डियममधलं (हृदयाच्या आवरणातलं) आणि प्लुरामधलं (फुप्फुसाच्या आवरणातलं) पाणी वेगळं ओळखायला डिसेंडिंग एओर्टा (खाली जाणारी महाधमनी) दिसावी लागते. तो शॉट झाला, पाणी नाही हे कळलं, की डेप्थ कमी करा. ही सवय दोन आठवड्यांत लागते.

मग सेक्टर, म्हणजे चित्राचा पंख्यासारखा पसारा, अरुंद करा. ९० अंशांचा सेक्टर ४५ वर आणला की रेघा निम्म्या होतात आणि फ्रेम रेट साधारण दुप्पट होतो. फुकटात. स्ट्रेनसाठी (चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून स्नायू आकुंचनात किती टक्के आखूड होतो हे सॉफ्टवेअरने मोजणं) डाव्या वेंट्रिकलचा शॉट घेताना उजवं वेंट्रिकल पूर्ण दिसायलाच हवं असं नाही. मात्र भिंती सेक्टरच्या कडेला कापल्या जाऊ देऊ नका. विशेषतः लॅटरल वॉल (बाहेरच्या बाजूची भिंत) श्वासाबरोबर बाहेर जाते, तेव्हा एक-दोन ठोके बघून मगच क्लिप घ्या.

याच्यानंतर येतात दडलेले खर्च. हार्मोनिक (सोडलेल्या आवाजाच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा परतलेला आवाज ऐकायची पद्धत) चालू असताना काही मशीन एकेका रेघेसाठी दोन-दोन पल्स सोडतात. चित्र स्वच्छ येतं, वेग उतरतो. मोठ्यांत हार्मोनिक बंद करू नका, त्याच्याशिवाय एंडोकार्डियम (हृदयाचं आतलं अस्तर) दिसणार नाही. नवजात बाळात मात्र एकदा बंद करून बघा. कित्येकदा चित्र तितकंच चांगलं राहतं आणि फ्रेम वाढतात. बऱ्याच मशीनवर रेघांची दाटी आणि वेग यांची अदलाबदल करणारं एक बटण असतं. आपल्या मशीनवर ते कुठे आहे हे सीनियरला विचारून घ्या. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय आणि मॅन्युअल कपाटात कुठेतरी आहे असं सगळे सांगतात.

कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणं, सर्वांत खर्चिक. एकेका रेघेवर आठ-दहा पल्स लागतात, म्हणून कलर लावला की ७० चे १८ होतात. व्हीएसडी (दोन वेंट्रिकलमधल्या पडद्यातलं, म्हणजे सेप्टममधलं, भोक) शोधताना कलरचा डबा अख्ख्या हृदयावर पसरू नका. सेप्टमपुरता लांबट-अरुंद डबा, आणि तोच सेप्टमवरून हळूहळू सरकवा. १८ फ्रेमवर बाळाचा एक ठोका सात चित्रांत संपतो. सेप्टमच्या स्नायूतलं छोटं (मस्क्युलर) भोक त्यातल्या एखाद्याच चित्रात चमकून जातं.

तिसरी पायरी: ईसीजी

ईसीजीशिवाय फास्ट इमेजिंग म्हणजे घड्याळाशिवाय वेळापत्रक. चित्र ठोक्याच्या कुठल्या क्षणाचं आहे हेच कळलं नाही तर शंभर फ्रेम घेऊन करायचं काय? मे महिन्यात मुंबईच्या दमटपणात इलेक्ट्रोड घामाने सुटतात. मोठ्या माणसाची त्वचा कोरड्या गॉजने घासून पुसा, केस असतील तर जागा बदला. नवजात बाळाच्या त्वचेवर स्पिरिट लावू नका, आणि पट्टी ओढून काढू नका. आर वेव्ह (ईसीजीतलं ठोक्याचं उंच टोक) ठळक दिसेपर्यंत लीड बदला. टी वेव्ह (तिच्यानंतरची लाट) मोठी असली की मशीन तिलाच आर समजतं आणि क्लिप भलत्याच जागी कापते.

मुलांची तपासणी

इथे जरा थांबतो, कारण मशीनचं सगळं जमलं तरी मूल रडायला लागलं की काही उरत नाही. रडताना ठोके १८० च्या पुढे जातात, फुप्फुस मध्ये येतं आणि प्रोब हलतो.

झोपेचं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. द्यायचं असेल तर बाळ किती वेळ उपाशी हवं हे आईला आदल्या दिवशी नीट सांगितलेलं असावं, आणि ऑक्सिमीटर लावलेला असावा. द्यायचं नसेल तर उलट करा: दूध पाजतच तपासा. “बाळाच्या आई, तुम्हीच बेडवर टेका, मांडीवर घ्या त्याला,” एवढं म्हटलं की अर्धं काम होतं. जेल कोमट करून घ्या. एसीच्या हवेतली बाटली थेट पोटावर पालथी केली की पुढची वीस मिनिटं गेली म्हणून समजा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मोबाइलवरची गाणी चालतात, पण मोबाइल आईच्या हातात आणि डाव्या बाजूला हवा, म्हणजे मूल आपोआप डाव्या कुशीवर वळतं.

क्रमही वेगळा. मोठ्यांत आपण पॅरास्टर्नलपासून सुरू करतो. मुलांत शास्त्रशुद्ध क्रम सबकॉस्टलपासून (बरगड्यांखाली, पोटावरून), कारण आधी यकृत कुठल्या बाजूला, हृदयाचं टोक कुठे, शिरा कुठे उघडतायत हे ठरवायचं असतं. पण पोट दाबलं की मूल रडतं. म्हणून झोपलेल्या मुलाला सबकॉस्टलने सुरुवात, आणि जागं, संशयाने बघणारं मूल असेल तर आधी छातीवरचे शॉट उरकून पोट आणि मानेखालचा सुप्रास्टर्नल शेवटी. सुप्रास्टर्नल मात्र सोडू नका. कोआर्क्टेशन (महाधमनीचं अरुंद होणं) तिथेच सापडतं.

स्ट्रेन काढायचा असेल तर मुलांत आकडा महत्त्वाचा. मोठ्यांत सेकंदाला ४० ते ८० फ्रेम चालतात. १५० ठोक्यांच्या बाळात सिस्टोल (आकुंचनाचा काळ) जेमतेम २०० मिलिसेकंदांचा. ४० फ्रेमवर त्यात ८ चित्रं येतात आणि आकुंचनाचा खरा शिखरबिंदू दोन चित्रांच्या मध्ये निसटतो, मग स्ट्रेन कमी दिसतो आणि बाळाचं हृदय उगाच अशक्त ठरतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा असा: ठोक्यांच्या आकड्याच्या ०.७ ते ०.९ पट फ्रेम. १५० ठोक्यांना १०५ ते १३५. त्याहून फार वर न्यायचा प्रयत्न केला तर रेघा विरळ होतात आणि सॉफ्टवेअरला धरायला ठिपकेच राहत नाहीत. जास्त म्हणजे चांगलं असं नाही.

आणि हो, आजी विचारणारच: “भोक आहे का हो त्याच्या हृदयाला?” तुम्ही टेक्निशियन असाल तर “डॉक्टर बघून सांगतील, आजी” एवढंच. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका, आजींची नजर स्क्रीनवर नसते, तुमच्यावर असते.

पोटातल्या बाळाचं हृदय तपासत असाल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) कायदा लागू होतो. त्यातला फॉर्म एफ भरल्याशिवाय प्रोब ठेवायचा नाही, आणि मशीनची नोंदणी जागेसकट असते, त्यामुळे ते मनाला येईल तिथे हलवता येत नाही. यात ‘चालतं’ असं काही नसतं.

मोठ्यांची तपासणी

मोठ्यांत अडचण वेगाची कमी आणि खिडकीची जास्त. बरगड्या, चरबी, बिडी-तंबाखूने फुगलेलं फुप्फुस. पूर्ण डाव्या कुशीवर वळवा, डावा हात डोक्याखाली, श्वास सोडून थांबायला सांगा. “काका, श्वास सोडा… थांबा… आता घ्या.” थांबण्याच्या त्या पाच-सहा सेकंदांत तीन ठोक्यांची क्लिप व्हायला हवी.

सगळ्यांनाच ७० फ्रेम कशाला, असं विचाराल. नुसतं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला वेंट्रिकलमधलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) बघायचं असेल तर ४० वरही भागतं. पण केमोथेरपी घेणाऱ्यांच्या बाबतीत तसं करू नका. तिथे पहिल्या स्ट्रेनशी पुढचा प्रत्येक स्ट्रेन ताडून बघतात, आणि मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरण झाली की डॉक्टर सावध होतात. स्नायू आखूड होतो म्हणून स्ट्रेन उणे आकड्यात लिहितात; उणे २० चा उणे १७ झाला की आपण नेमके त्या उंबरठ्यावर येऊन पोचतो. पहिली क्लिप ७० फ्रेमवर आणि दुसरी ३५ वर घेतली असेल तर ती घसरण हृदयाची की आपली, हे कोण सांगणार? आणि त्या आकड्यावर कुणाचं केमोचं औषध बदललं जाऊ शकतं.

जुनी फास्ट तंत्रं

वेगाचं हे खूळ नवं नाही. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एड्लर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाची हालचाल पहिल्यांदा ध्वनीने टिपली. त्याआधी त्यांनी आपली कल्पना पडताळली ती जहाजाच्या गोदीत धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर. त्या घराण्यातलं एम-मोड तुमच्या मशीनवर आजही आहे. एकच रेघ, पुन्हा पुन्हा, सेकंदाला हजाराच्या वर. मायट्रल झडपेचं फडफडणं, सेप्टमचा बंडल ब्रांच ब्लॉकमधला (हृदयातली विजेची वाट अडल्यावरचा) हिसका, लहान बाळाच्या ट्रायकस्पिड ॲन्युलसची (उजव्या झडपेच्या कड्याची) वरखाली हालचाल, हे एम-मोडइतकं स्वच्छ अजून कुठेच दिसत नाही. बाळाला स्वीप स्पीड (स्क्रीनवर आलेख सरकायचा वेग) १०० मिलिमीटर प्रति सेकंद किंवा वर ठेवा, नाहीतर ठोके एकमेकांना चिकटतात. कलर टिश्यू डॉपलरसुद्धा (रक्ताऐवजी स्नायूचा वेग मोजणारा) १०० फ्रेमच्या वर सहज जातो. हे दोन्ही नीट येईपर्यंत मी कुणाला अल्ट्राफास्टची चौकशी करू देत नाही.

थ्री-डी नेमकं उलट्या टोकाला आहे. एका ठोक्यात घ्यायचं तर सेकंदाला २०-३० व्हॉल्यूमच (पूर्ण थ्री-डी चित्रंच) मिळतात, आणि चार-सहा ठोके जोडून वेग वाढवायचा तर पेशंटने श्वास रोखायला हवा आणि ठोके नियमित हवेत. एट्रियल फिब्रिलेशनचे (अनियमित ठोक्यांचे) काका आणि दीड वर्षाची मुलगी, दोघांकडूनही ते होत नाही.

हजार फ्रेमची गोष्ट

नेहमीचं मशीन पंगतीतल्या एकट्या वाढप्यासारखं काम करतं: एका पानावर वाढलं की पुढच्या पानावर. अल्ट्राफास्ट पद्धतीत असं रेघेरेघेने जात नाहीत. संपूर्ण सेक्टरवर एकदम पसरट लाट सोडतात, प्रोबमधल्या सगळ्या एलिमेंटवर (आवाज पकडणाऱ्या बारीक तुकड्यांवर) परत आलेला आवाज साठवतात आणि चित्र नंतर कॉम्प्युटरमध्ये गणिताने बांधतात. पॅरिसमध्ये मातियास फिंक आणि मिकाएल तांतेर यांच्या गटाने या पद्धतीची पायाभरणी केली. हृदयासाठी बेल्जियममधल्या ल्यूव्हेन आणि नॉर्वेमधल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठांत बरंच काम झालं. सरळ प्रोबवर सपाट लाट सोडता येते, पण हृदयाचा प्रोब दोन बरगड्यांमधून बघतो, तोंड लहान, म्हणून तिथे लाट पंख्यासारखी उघडणारी लागते.

हिशेब पुन्हा तोच. ८ सेंटिमीटर डेप्थला जाऊन-येऊन १०४ मायक्रोसेकंद, सेकंदाला साधारण ९६०० लाटा. एका लाटेत एक चित्र, म्हणजे ९६०० फ्रेम! पण ते चित्र धुरकट असतं, कारण ऊर्जा कुठेच एकवटलेली नाही आणि बाजूचे आवाज मिसळतात. म्हणून आठ वेगवेगळ्या कोनांतून लाटा सोडून ती आठ चित्रं एकावर एक रचतात आणि १२०० फ्रेमवर समाधान मानतात. त्यातही पेच आहे: आठवी लाट जाईपर्यंत हृदय थोडं हललेलं असतं, त्याची दुरुस्ती गणितात करावी लागते. तेव्हा असं चित्र पहिल्यांदा बघून “हे तर आपल्या जुन्या मशीनपेक्षा खराब आहे” असं वाटलं तर ते बरोबरच आहे. ते बघायला नाही, मोजायला असतं.

मोजायचं काय? एक उदाहरण पुरेसं आहे. एओर्टिक झडप बंद होते तेव्हा सेप्टममधून एक बारीकशी थरथर धावते. निरोगी तरुण स्नायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर. ४ मीटरने सेप्टमचे ६ सेंटिमीटर पार करायला १५ मिलिसेकंद. तुमच्या ६० फ्रेमच्या क्लिपमध्ये दोन चित्रांमधलं अंतरच जवळजवळ १७ मिलिसेकंद. म्हणजे ती लाट दोन चित्रांच्या मधल्या फटीतून निघून गेली, तुम्हाला पत्ताही नाही. १००० फ्रेमवर तिची १५ चित्रं मिळतात. स्नायू ताठरला, उदाहरणार्थ अमायलॉइड (एक चिवट प्रथिन) साठलं, की ही लाट वेगाने धावते. बायोप्सी किंवा कॅथेटरशिवाय स्नायूचा ताठरपणा मोजायची ही शक्यता आहे, म्हणून तिच्यामागे एवढी माणसं लागली आहेत. रोजच्या रिपोर्टमध्ये मात्र अजून तिला जागा नाही.

मुलांत याचा दुसरा उपयोग आधीच काही मशीनवर आलाय: रक्तातले ठिपके चित्रागणिक कुठे सरकले हे बघून प्रवाहाची दिशा काढायची. कलर डॉपलरला कोन लागतो, प्रोबला आडवा जाणारा प्रवाह तो दाखवतच नाही. इथे भोवरेसुद्धा दिसतात. उथळ छाती आणि हाय फ्रिक्वेन्सी प्रोब ही त्याची गरज, त्यामुळे बाळांमध्ये तो छान चालतो आणि धिप्पाड माणसाच्या छातीवरून सहसा नाही.

सुरक्षिततेचं कुणी विचारलं तर: यात एक्स-रेसारखं रेडिएशन नाही. मेकॅनिकल इंडेक्स (आवाजाच्या दाबाने ऊतींना धोका किती याचा आकडा) स्क्रीनवर दिसतो, त्याची वरची मर्यादा १.९ आहे. तरी बाळावर प्रोब ठेवून गप्पा मारत उभं राहू नये.

शेवटची पायरी: साठवणं आणि लिहिणं

इथेच सगळी मेहनत वाया जाते. तुम्ही ११० फ्रेमवर क्लिप घेतली, पण मशीनने सर्व्हरवर पाठवताना ती ३० वर दाबून पाठवली, असं सर्रास होतं. स्क्रीनवर फरक कळत नाही, कारण मॉनिटर बहुधा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो आणि आपले डोळे तेवढंही मोजत नाहीत. स्ट्रेन काढायला बसल्यावर समजतं, तोवर पेशंट कल्याण लोकलमध्ये असतो. म्हणून सेटिंगमध्ये ‘रॉ डेटा’ किंवा ‘मूळ फ्रेम रेट’ साठवायचा पर्याय शोधून चालू करा, आणि एक क्लिप सर्व्हरवरून परत उघडून तिचा आकडा तपासा. क्लिप तीन ठोक्यांची हवी, बाळात पाचही चालतील. हार्ड डिस्क भरत आली की मशीन मंदावतं. जुनं काढायचं काम कुणाकडे आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

रिपोर्टमध्ये स्ट्रेनच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा: फ्रेम रेट, त्या वेळचे ठोके आणि मशीन-सॉफ्टवेअरचं नाव. दोन कंपन्यांचे स्ट्रेन एकमेकांना लावून बघता येत नाहीत. सहा महिन्यांनी तोच पेशंट आला आणि तुमच्याकडे दोन मशीन असतील तर आधीचा रिपोर्ट काढा, त्यावरचं मशीन मोकळं होईपर्यंत त्यांना बाहेर बसवा आणि त्याच डेप्थवर, त्याच फ्रेम रेटवर क्लिप घ्या.